वाघमारेबाईंचा उद्या

वाघमारेबाईंना काहीही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. "बाई, चहा घेणार?" एवढं साधं विचारलं तरी त्या आधी तुमच्याकडे बघणार, मग खिडकीकडे बघणार, आणि तुम्ही कंटाळून पुढे चालू लागलात की मागून हळूच आवाज येणार, "अर्धा." मला याची विलक्षण चीड यायची. मी गणिताची बाई. पाच साते म्हटल्यावर पस्तीस ताबडतोब आलं पाहिजे, नाहीतर माझा हात डस्टरकडे जायचा. ही बाई भूगोल शिकवते की स्वतःच कुठल्यातरी लांबच्या बेटावर राहते, असं मी एकदा स्टाफरूममध्ये त्यांच्यादेखत म्हटलंही होतं. त्यावर त्या हसल्या. पण कधी? आम्ही सगळ्या विनोद विसरून वह्या तपासायला लागलो होतो, तेव्हा.

आता मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दुपारी जेवण झालं की डोळा लागतो आणि त्या अर्धवट झोपेत बिबवेवाडीची आमची शाळा दिसते. दुमजली इमारत, खाली फरशीचा लांब व्हरांडा, कोपऱ्यात पाण्याची टाकी. झोपेत शाळा नेहमी रिकामी असते. वर्गांची दारं सताड उघडी असतात, मी एकेका वर्गात डोकावत जाते आणि एका वर्गात तिसऱ्या बाकावर वाघमारेबाई डोळे मिटून बसलेल्या असतात. एवढं दिसतं आणि जाग येते. स्वप्न म्हणावं, तर हे मी एकदा खरोखर पाहिलेलं आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

बाई येरवड्याहून यायच्या, दोन बस बदलून. उंच, सावळ्या, अंगावर फिकट रंगाची सुती साडी, उजव्या हाताची बोटं कायम खडूने पांढरी. शाळा साडेअकराची, पण त्या अकराच्या आधी हजर. नाव वाघमारे आणि आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरच्या मुलांनाही पुढे झुकून ऐकावं लागे. गंमत म्हणजे मुलं झुकायची. मी माझ्या वर्गात ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची आणि भिंतीपलीकडे यांच्या वर्गातली पन्नास मुलं श्वास धरून बसलेली. रविवारी त्या घराजवळच्या विहारात जात. "काय करता हो तिथे?" मी एकदा विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वंदना होते. मग मी गप्प बसते." मी म्हटलं, "शाळेत काय कमी गप्प बसता?" हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ पेठेत वाढलेली आहे, तिला मुद्दाम चावी द्यावी लागत नाही.

केतकी आमच्याकडे पाचवीत आली, वाघमारेबाईंच्या वर्गात. ते दिवस असे होते की रोज सकाळी उठावं तर पुण्यात काहीतरी नवीन उगवलेलं. कालपर्यंत पिठाची गिरणी होती तिथे सायबर कॅफे, माळ होता तिथे काचेची इमारत. निम्म्या स्टाफचे मुलगे संगणक शिकत होते आणि उरलेल्यांचे अमेरिकेच्या व्हिसासाठी रांगेत उभे होते. माझाही त्यातच. वाघमारेबाईंच्या यजमानांना मात्र कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं होतं. त्यात स्वेच्छा किती होती ते सगळ्यांना माहीत होतं. केतकीचे वडील काचेच्या एका इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करत. आईने मुलीसाठी बँकेतली नोकरी सोडलेली. दोन शाळांनी केतकीला नको म्हटलं होतं, आमची तिसरी. वडील पहिल्या दिवशी इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले. ऑटिझम हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मराठीत स्वमग्नता म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या स्टाफरूममध्ये तोवर मुलांचे तीनच प्रकार होते: हुशार, ढ आणि वाह्यात.

गठ्ठा आठवडाभर टेबलावर पडून होता, मग दिसेनासा झाला. वाघमारेबाईंनी नेला होता. जवळ शब्दकोश ठेवून बसमध्ये रोज दोन-दोन पानं वाचायच्या. महिन्याभराने परत आणून ठेवला आणि म्हणाल्या, "यात सगळं आहे. फक्त केतकी नाही."

केतकी म्हणजे दोन घट्ट वेण्या आणि कुणाच्याही डोळ्यांत न बघणारे डोळे. ती स्वतःला 'मी' म्हणायची नाही. "केतकीला पाणी हवंय," असं म्हणायची. सतराचा पाढा विचारा, थांबवेपर्यंत म्हणत राहील. पण मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की किंचाळायची. तास अचानक बदलला, नेहमीच्या बाई आल्या नाहीत, की स्वतःचाच हात चावायची, मनगटाच्या वर. तिथे कायम वण असायचे. आणि दिवसभर एकच प्रश्न, "उद्या काय?" शिपाईमामांना विचारायची, शेजारच्या मुलीला विचारायची, मधल्या सुट्टीत डबा खाताना भिंतीलाही विचारायची. मला विचारलं की मी सांगायची, "उद्या बुधवार." पाच मिनिटांनी पुन्हा, "उद्या काय?" माझं डोकं उठायचं.

एक दिवस मी लवकर शाळेत गेले, कशासाठी ते आता आठवत नाही. पाचवी ब वरून जाताना सहज आत पाहिलं, तर वाघमारेबाई केतकीच्या जागेवर बसलेल्या. तिसरा बाक, खिडकीची बाजू, डोळे मिटलेले. उन्हाचा एक पट्टा फळ्यापासून त्यांच्या हातापर्यंत आला होता आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. मला वाटलं, झोपली बिचारी. दोन बस बदलून येते, झोपू दे. तेवढ्यात डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "लिमयेबाई, ही ट्यूब गाते."

"काय करते?"

"गाते. या, बसा इथे."

मी बसले. आधी काहीच ऐकू येईना. मग रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, मग टाकीत पडणारी पाण्याची धार, मग पंख्याची टकटक, प्रत्येक फेऱ्याला एक. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक, डोक्यात शिरणारा ट्यूबलाइटचा आवाज. किती वेळ बसलो कोण जाणे. वीस वर्षं ज्या वर्गांतून शिकवलं ते वर्ग माणसं नसतानाही इतके बोलतात, हे मला माहीत नव्हतं. ऊन हळूहळू बाकावरून सरकत होतं आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

"तिला हे सगळं एकदम ऐकू येत असणार," वाघमारेबाई म्हणाल्या. "आपलं बोलणंही त्यातच. आणि त्यातून आपण तिला विचारतो, सांग, लक्ष कुठे आहे."

दुसऱ्या दिवशी ट्यूब बदलली. पंख्याला मामांनी तेल दिलं. केतकीचं किंचाळणं निम्म्यावर आलं आणि मला, खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

'उद्या काय'चं त्यांनी जे केलं ते याहून साधं होतं. आमच्या प्रत्येक वर्गात दाराशेजारी एक छोटा फळा होता, सुविचार लिहायला. बाईंनी सुविचार पुसला आणि तिथे रोज शेवटच्या तासाला उद्याचा दिवस लिहायला सुरुवात केली. कुठला तास, कोण शिकवणार, डबा कधी, घरी कधी. प्रत्येकाच्या पुढे एक चित्र. डब्याच्या पुढे डबा, गणिताच्या पुढे चष्मा, कारण मी चष्मा लावते. मुख्याध्यापक सर फेरीवर आले आणि थबकले. "बाई, सुविचार कुठे गेला?"

नेहमीइतका वेळ घेऊन बाई म्हणाल्या, "सर, सुविचार वाचून पुढे काय करायचं ते तिला कळत नाही." मग थोडं थांबून, "मलाही नाही."

नियम एकच होता. फळ्यावर लिहिलं ते होणार, लिहिलं नाही ते होणार नाही. त्यासाठी बाई रोज चार वाजता स्टाफरूममध्ये येऊन एकेकीला विचारत फिरायच्या, "उद्या येणार ना?" आम्ही खूप हसायचो. मी एकदा म्हटलं, "जगले वाचले तर येईन." त्या खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मग तसं लिहू?" मी मुकाट्याने "येणार" म्हटलं. त्या दिवसापासून मी रजा आदल्या दिवशीच सांगू लागले. क्रीडाशिक्षकांना एकदा वर्गाला अचानक मैदानावर नेण्याची लहर आली, तर यांनी दारातच अडवलं. "आधी सांगा, मग करा," हे त्यांचं पालुपद. महिन्याभरात अशी वेळ आली की फळ्यावरचा उद्या पन्नासही मुलं वहीत उतरवून घेऊ लागली. त्यातली काही तर घरी जाऊन आईवडिलांना विचारू लागली, उद्या काय काय आहे म्हणून.

"सगळ्यांनाच हवं असतं हो," वाघमारेबाई मला म्हणाल्या. "विचारते ती एकटी."

माझा मुलगा त्या आठवड्यात व्हिसाची मुलाखत देऊन आला होता आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला एकदम वाटलं, कुणीतरी आमच्याही भिंतीवर असं लिहून ठेवावं.

वर्ग सहावीत गेला तशा वाघमारेबाईही सरांना विनंती करून त्याच वर्गाबरोबर वर गेल्या. सहावीतली दिवाळीनंतरची पालकसभा मला स्वच्छ आठवते. एक टाय लावलेले गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "पुढच्या वर्षी स्कॉलरशिपची परीक्षा आहे. एका मुलीपायी एकोणपन्नास मुलांचं नुकसान का?" मागून चार-पाच माना हलल्या. केतकीची आई शेवटच्या रांगेत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती. आमचे सर भला माणूस, त्यांना भांडण सोसायचं नाही. त्यांनी तोडगा काढला. केतकीने व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीशी बसावं, सोबत मावशी बसतील. "ऐकू सगळं येईल तिला," सर म्हणाले. मलाही ते पटलं. मी मान डोलावली, हे लिहून ठेवते. वाघमारेबाईंकडे सगळे बघत राहिले. मग त्या म्हणाल्या, "बरं. उद्या एक दिवस द्या, परवापासून बसवते."

दोन दिवसांनी सकाळी बाक सरकवल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. अख्खी सहावी ब व्हरांड्यात बसलेली. पन्नास मुलं फरशीवर मांडी घालून, बाईंची खुर्ची खांबापाशी, मोठा फळा मामांनी खिळ्यावरून काढून भिंतीला टेकवून ठेवलेला. आत वर्ग रिकामा. केतकी आपल्या नेहमीच्या मुलींच्या मध्ये, खुशीत. खुशीत असणारच, कारण आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं: उद्या वर्ग व्हरांड्यात.

सर धावत आले. "बाई, हे काय?"

"आपण म्हणालात ना सर, केतकी व्हरांड्यात बसेल. ती या वर्गातली आहे. म्हणून वर्ग आला."

"किती दिवस चालणार हे?"

"ती आत जाईपर्यंत."

आवाज तोच, हळू, झुकून ऐकावं लागणारा. दोन दिवस वर्ग तिथे भरला. येणारे-जाणारे पालक बघत होते. टायवाल्या गृहस्थांच्या मुलाने घरी सांगितलं की बाहेर फार मस्त वाटतं. तिसऱ्या दिवशी सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बसा आत सगळे."

त्या दुपारी मी बाईंना म्हटलं, "एवढं ताणायला नको होतं. व्हरांडा काही वाईट नव्हता."

आणि त्या दिवशी, माझ्या माहितीत पहिल्यांदा, त्यांनी लगेच उत्तर दिलं. "माझे वडील व्हरांड्यात बसून शिकले, लिमयेबाई. खिडकीतून. त्यांनाही सगळं ऐकू यायचं."

मी समोरची वही उघडली आणि मिटली. मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते आहे.

सातवीच्या वर्षी, नोव्हेंबरच्या अखेरीला, बाई निवृत्त होणार होत्या. केतकीचं पुढे काय, हा घोर त्यांना जून महिन्यापासून लागला होता. त्यांनी माझी निवड केली. मी उडालेच. म्हटलं, "अहो, मी? माझ्या तोंडाला मुलं घाबरतात."

"तुम्ही वेळेवर येता," त्या म्हणाल्या. "आणि पोटात एक, ओठांत एक असं तुमचं नसतं. तिला तेच लागतं."

दिवाळीनंतर फळ्यावरचे त्यांचे तास एकेक करून कमी होऊ लागले. आधी एक तास माझा झाला, मग दोन, मग तीन. केतकी रोज बघायची, काही बोलायची नाही, पण हातही चावायची नाही. मला बाईंनी एकच गोष्ट शिकवली: प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे आणि मग उत्तराची वाट बघायची. मी तीनवरच बोलून मोकळी व्हायची. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहून बोटं दाखवायच्या, चार, पाच, सहा. शेवटच्या दिवसाची तर आठ दिवस तालीम चालली होती. शेवटच्या तासाला वाघमारेबाई टाटा करतील, केतकी टाटा करेल, घरी. केतकी रोज तेवढं करून बघायची आणि हात खाली घ्यायची.

आता आमचा पराक्रम सांगते. पुण्यात माणसाला सत्काराशिवाय निवृत्त होता येत नाही. शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि दोन लांबलेली भाषणं, एवढं झाल्याशिवाय नोकरी संपली असं कुणी मानत नाही. वाघमारेबाईंनी सरांना निक्षून सांगितलं होतं, काही करू नका. म्हणून मी ठरवलं की गुपचूप करायचं. कल्पना माझी. शेवटच्या दिवशी तिसऱ्या तासाला सगळी शाळा मैदानावर, मोठ्या मुलींचं लेझीम, दोन ढोल, आणि पुष्पगुच्छ द्यायला केतकी. बाईंच्या कष्टाचं याहून चांगलं चीज कुठलं? अख्ख्या शाळेने हे आठवडाभर पोटात ठेवलं. मी प्रत्येक वर्गात जाऊन बजावलं होतं, कुणी बोलायचं नाही. वाघमारेबाईंचा आनंदाने फुललेला चेहरा मी मनात इतक्या वेळा पाहिला होता की तोच खरा वाटायला लागला होता.

तिसऱ्या तासाला मी केतकीला हाताला धरून मैदानावर नेलं. तिने दोनदा विचारलं, "भूगोल?" मी म्हटलं, "चल तर, गंमत आहे." ढोलावर टिपरू पडलं. शेकडो मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या. केतकीच्या हातातून पुष्पगुच्छ पडला. ती जी किंचाळली ते मला अजून ऐकू येतं. माझा हात झटकून ती धावली आणि पाण्याच्या टाकीमागच्या फटीत शिरली. हात चावून चावून रक्त निघालं होतं. ढोल थांबले, टाळ्या थांबल्या, एवढी मुलं असून मैदानावर चिडीचूप.

वाघमारेबाई, सरांनी नुकत्याच पांघरलेल्या शालीसकट, टाकीपुढच्या ओल्या जमिनीवर जाऊन बसल्या. तिला हात लावला नाही, हाक मारली नाही. शाळा सुटत आली तरी तशाच बसून होत्या. शेवटच्या तासाची घंटा झाली तेव्हा केतकीची आई तिला उचलून घेऊन गेली. टाटा कुणी कुणाला केला नाही.

मी बाजूला उभी होते. वाटत होतं, आता ही बाई मला बोलणार. बोलायलाच हवं होतं. त्यांनी शाल काढून घडी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फळ्यावर नव्हतं, लिमयेबाई." बास. चिडून नाही, रडून नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी केतकी आली नाही. शाळेचा गणवेश दिसला की पलंगाखाली जायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग तिच्या वडिलांचा सरांना फोन आला. आता पुरे झालं, ते म्हणाले, अशा मुलांची वेगळी शाळा बघितली आहे. नाताळची सुट्टी झाली की येऊन दाखला घेऊन जातो. तीन वर्षं एका बाईने जी जागा राखली ती मी पाच मिनिटांत घालवली होती.

मी येरवड्याला गेले. सोळा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो आणि मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जात होते. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, यजमान मटार सोलत बसलेले. बाईंनी चहा दिला. मी कप हातात धरूनच सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही एक दिवस या. तुम्ही बोलावलंत की ती येईल."

मी मनात मोजत होते. पहिल्यांदाच दहापर्यंत पोचले.

"येईल," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी येईल. मी नसले की पुन्हा जाईल. तिने शाळेत यायला हवं, माझ्याकडे नाही."

"मग मी काय करू?"

"चूक झाली म्हणून सांगा तिला. मोठी माणसं तिला तेवढंच कधी सांगत नाहीत. आणि उद्या लिहा. छोटा लिहा. लिहिलं तेवढंच करा."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

केतकीच्या वडिलांकडून मी सुट्टी संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यानंतर रोज साडेपाचला त्यांच्या दारात. हातात एक कागद: उद्या लिमयेबाई साडेपाचला येतील. दारात बसतील. दहा मिनिटांनी जातील. पुढे चष्म्याचं चित्र. पहिल्या दिवशी ती पलंगाखाली होती. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "केतकी, फळ्यावर नव्हतं तरी आम्ही ढोल वाजवला. माझी चूक झाली. पुन्हा करणार नाही." दहा मिनिटं झाली, मी कागद पलंगाकडे सरकवला आणि उठले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या संध्याकाळी सगळ्या एकात एक मिसळल्यासारख्या आठवतात. दारातला थंड वारा, आतल्या खोलीतला संगणकाचा निळसर उजेड, पलंगाखाली दिसणारी तिची पावलं, आणि मी, आयुष्यभर बडबड केलेली बाई, गप्प बसलेली. त्या गप्प बसण्यात काय असतं ते मला तेव्हा कळायला लागलं. नवव्या दिवशी पलंगाखालून हात आला आणि कागद आत गेला. मग आवाज आला, "उद्या काय?"

ज्या प्रश्नाने माझं डोकं उठायचं, तो ऐकून मी दुसरा कागद काढला आणि तिथेच उंबऱ्यावर लिहायला बसले.

पुढचे उद्या थोडे मोठे झाले. उद्या कोपऱ्यापर्यंत. उद्या शाळेचं फाटक, आत नाही. उद्या रिकामा वर्ग, पाच मिनिटं. सुट्टीत मामांनी आमच्यासाठी शाळा उघडून दिली. आणि मग एका कागदावर मी लिहिलं: सोमवार. शाळा. पहिला तास गणित, लिमयेबाई. वाघमारेबाईंच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला की केतकी सोमवारी येते आहे.

केतकी आमच्याच शाळेतून दहावी झाली. टक्के सांगत नाही. पुण्यात टक्के सांगितले की पुढचं कुणी ऐकत नाही. वाघमारेबाई त्या सोमवारनंतर लवकरच मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या आणि पुढे तिकडेच वारल्या. त्यांच्या मुलीचं पत्र आलं तेव्हा कळलं. म्हणून त्या सोमवारचं जे आहे तेच माझ्याकडे शेवटचं.

मी फाटकाशी उभी होते. केतकीची आई ठरल्याप्रमाणे कोपऱ्यावर थांबली आणि केतकी एकटी पुढे आली. दप्तर पाठीवर, कागद हातात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिला तास गणित," आणि आत गेली. व्हरांड्यातून सरळ चालत वर्गात शिरली. मी श्वास सोडला आणि समोर पाहिलं, तर रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या आडोशाला वाघमारेबाई. पदर डोक्यावरून घेतलेला, कुणी ओळखू नये म्हणून. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

मी रस्ता ओलांडून गेले. "अहो, इथे काय उभ्या? आत चला ना."

त्यांनी मान हलवली. "गेली?"

"गेली."

"वर्गात?"

"वर्गात. बसली सुद्धा असेल."

"मागे वळून बघितलं?"

"नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. सोळा वर्षांत ज्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता त्या भर रस्त्यात हुंदके देऊन रडू लागल्या. आमच्यात जवळ घेण्याची रीत नव्हती, पण मी घेतलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या म्हणाल्या, "बघू नये असंच शिकवलं होतं मी. तरी वाटलं होतं हो, एकदा बघेल."

त्यांची बस आली. त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि गर्दीतून वर चढल्या.